घरच्या लाकडाचा ग्रिलसाठी कोळसा करतेय, पण दोन्ही वेळा राखच जास्त झाली

पानगळ

नमस्कार सगळ्यांना. मागच्या पावसाळ्यात आवारातलं एक मोठं बाभळीचं झाड उन्मळून पडलं, ते तोडून रचून ठेवलंय, त्याला आता वर्ष होत आलं. ग्रिलसाठी आम्ही नेहमी पिशवीतला कोळसा आणतो, पण गेल्या काही वेळा पिशवीच्या तळाशी नुसती चुरी, मध्येच दगड, आणि एकदा तर पेटवल्यावर चक्क व्हार्निशसारखा वास आला, म्हणजे कुठल्यातरी मोडक्या फर्निचरचं लाकूड त्यात गेलेलं असणार. त्यावर खायचं काही भाजायचं म्हणजे मन धजावेना. म्हणून म्हटलं घरचं एवढं कठीण लाकूड पडलंय तर त्याचाच कोळसा करू, ब्रिकेट (चुरी दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या) वगैरे काही नको, सरळ लाकडाचे तुकडे असतात तसा लोणारी कोळसा.

दोनदा करून बघितला आणि दोन्ही वेळा फसला. पहिल्यांदा गुडघाभर खड्डा खणला, त्यात लाकूड रचून पेटवलं, चांगला जाळ धरल्यावर वर पत्रा टाकून माती लोटली. सकाळी उघडलं तर वर राख आणि खाली तपकिरी अर्धवट लाकूड, मधल्या थरात मोजून दोन घमेली कोळसा. दुसऱ्यांदा जुनं पत्र्याचं पिंप घेतलं, त्यात जाळ केला आणि लाकूड लाल झाल्यावर झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर तळाशी अजून निखारे होते आणि हवा लागताच सगळं परत पेटलं, मला बाजूला उडी मारावी लागली. हातात आलं ते फारच थोडं.

तर विचारायचंय ते असं की झालं हे कळतं कशावरून, लाकूड किती जाड चालतं, धूर कमी करायला काय करता येईल (दोन्ही वेळा प्रचंड धूर झाला, डोळे दोन दिवस चुरचुरत होते) आणि एवढं करून हे घरी करण्यासारखं आहे का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.


पिंपातला_जाळ

ताई, लाकूड तुमचं चांगलंच आहे, बाभूळ जड असते, तिचा कोळसा घट्ट होतो आणि ग्रिलवर टिकतो. गडबड हवेत झालीये. लाकूड भरपूर तापलं पाहिजे पण त्याला जळायला हवा मिळता कामा नये, सगळी कसरत तेवढ्यासाठी आहे.

आत काय होतं ते सांगतो मग तुमचे दोन्ही प्रयोग का फसले ते आपोआप कळेल. लाकूड तापायला लागलं की आधी त्यातलं पाणी जातं आणि जोवर पाणी आहे तोवर त्या तुकड्याचं तापमान १०० अंशाच्या आसपासच घुटमळतं, कितीही जाळ करा. पाणी संपलं की ते चढायला लागतं आणि साधारण २७० ते २९० अंशाला लाकडाचं विघटन जोरात सुरू होतं, त्यात ते स्वतःच उष्णता सोडायला लागतं, म्हणून तिथून पुढे बाहेरून फार आच द्यावी लागत नाही. ४०० पर्यंत गॅस आणि डांबर निघत राहतं. इथे एक फसवी गोष्ट आहे. ४०० ला तुकडा बाहेरून आतून काळाकुट्ट दिसतो आणि आपल्याला वाटतं झालं, पण त्यात अजून बरंच डांबर अडकलेलं असतं आणि तो ग्रिलवर टाकला की धूर देतो, भाजलेल्याला कडवट वास लागतो. ५०० च्या आसपास गेला की मग तो स्वच्छ जळणारा कोळसा.

आता तुमच्या खड्ड्यात वरच्या लाकडाला हवा मिळत राहिली म्हणून राख झाली, आणि खालचं २७० पर्यंत पोचलंच नाही म्हणून तपकिरी राहिलं. पिंपात तापमान बरोबर गेलं असणार, पण झाकण नुसतं ठेवलं होतं, लिंपलं नव्हतं. पत्र्यावर पत्रा कितीही नीट बसवा, फट राहतेच आणि त्या फटीतून रात्रभर हवा आत जाते आणि तुमचा कोळसा खाते.

मी पिंपातच करतो, गेली काही वर्षं. नेहमीचं २०० लिटरचं पिंप, वरचं तोंड पूर्ण उघडं, तळाला पाच सहा भोकं, साधारण दोन बोटं जातील एवढी. पिंप तीन विटांवर उभं करायचं म्हणजे खालून हवा जाते. तळाशी काटक्या आणि बारीक सरपण पेटवायचं, ते धरलं की लाकूड भरत जायचं, दाटीवाटीने, उभे आडवे कसेही पण पोकळी कमी राहील असे. मग झाकण अर्धवट ठेवायचं, धुराला जागा राहील एवढं. आणि मग खुर्ची घेऊन वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसायचं आणि धूर बघायचा.

धूर सगळं सांगतो. आधी पांढरा, दाट, जड धूर येतो, ती मुख्यतः वाफ आहे, लाकूड जितकं ओलं तितका हा वेळ लांबतो. मग तो पिवळसर होतो आणि नाकाला डोळ्यांना झोंबायला लागतो, त्यात आम्ल असतं, व्हिनेगरमधलं असतं तेच, शिवाय मिथेनॉल आणि डांबर. तुमचे डोळे ह्यानेच चुरचुरले. हा टप्पा लांब असतो, इथे घाई करायची नाही. शेवटी धूर पातळ होतो आणि निळसर दिसायला लागतो, आरपार दिसतं. निळा दिसला म्हणजे आता लाकडातलं जाण्यासारखं गेलं आणि कोळसा जळायला लागलाय, इथून पुढे प्रत्येक मिनिट तुमचा माल राख होतोय. लगेच विटा काढून पिंप जमिनीवर टेकवायचं (जाड हातमोजे आणि लांब दांडकं, दोन माणसं लागतात, एकट्याने करू नका), बुडाभोवती ओली माती दाबायची, झाकण पूर्ण लावायचं आणि त्याच्या कडेने चिखल लिंपायचा. चिखल सुकताना तडकतो म्हणून अर्ध्या तासाने परत बघायचं, जिथून धुराची बारीक रेघ निघत असेल तिथे परत बोट फिरवायचं. धूर पूर्ण बंद झाला तरच आत हवा जात नाहीये.

आणि मग २४ तास हात लावायचा नाही. पिंपाला बाहेरून हात लावून गार लागलं तरी मध्यभागी निखारा जिवंत असू शकतो, कोळसा उष्णता फार धरून ठेवतो. मी तर दुसरी सकाळही सोडून देतो आणि तिसऱ्या दिवशी उघडतो.


सुकं_लाकूड

वर दादांनी छान लिहिलंय, मी फक्त लाकडाबद्दल बोलते कारण बहुतेक जण तिथेच चुकतात आणि भट्टीला दोष देतात.

वर्ष झालं म्हणजे लाकूड सुकलं असं नाही. नुकतं तोडलेलं लाकूड वजनाने निम्म्याच्या आसपास पाणीच असतं आणि ओंडका न फोडता तसाच ठेवला तर वर्षानेही आतून ओलाच असतो, साल पाणी अडवते. तोडल्यावर लगेच फोडून, जमिनीपासून वर, वरून झाकून आणि बाजूंनी उघडं ठेवलं तर सहा महिने ते वर्ष पुरतं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. मीटर मिळतो, पण नसेल तर सोपी युक्ती आहे, ढिगाऱ्याच्या मधून दोन फाटी काढा, त्यांच्यावर खडूने खूण करा आणि दर आठवड्याला वजन करा, लागोपाठ दोन तीन आठवडे वजन उतरलं नाही तर झालं सुकून. टोकांना तडे गेलेले दिसतात आणि दोन फाटी एकमेकांवर आपटल्या की ठणठणीत आवाज येतो, ओल्याचा आवाज बद्द येतो.

ओलं लाकूड टाकलं तर काय होतं, एक किलो पाण्याची वाफ करायला सव्वा दोन मेगाज्यूलच्या वर उष्णता जाते, ती कुठून येणार, तुमचंच लाकूड जाळून. म्हणजे कोळसा कमी, धूर जास्त आणि तास दीड तास फुकट.

जाडी म्हणाल तर मनगटाएवढी. पाच ते सात सेंटिमीटर जाड आणि वीतभर लांब. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळे तुकडे जवळपास सारखे पाहिजेत, एक अंगठ्याएवढा आणि एक मांडीएवढा असं भरलं तर बारीक जळून जाईपर्यंत जाडा आतून कच्चाच राहतो, तुमच्या तपकिरी लाकडाचं तेही एक कारण असेल. कोळसा होताना लाकूड आक्रसतं, आकारमान जवळजवळ निम्मं होतं, म्हणून फार बारीक कापलं तर शेवटी हातात चुरीच येते.

आणि बाभळीची साल काढा. वाळल्यावर कोयत्याने सहज निघते. सालीत क्षार जास्त असतात, तिची राखही जास्त होते, आणि सालीचा कोळसा ठिसूळ, त्याची नुसती पूड होते.


डब्यातला_डबा

धूर कमी करायचा असेल तर पिंपातल्या जाळाऐवजी डब्यात डबा पद्धत करा, मी आता दुसरं काही करतच नाही. वरच्या पद्धतीत तुमच्याच लाकडाचा काही भाग जळून बाकीच्याला तापवतो. ह्यात कोळशाचं लाकूड वेगळ्या बंद डब्यात आणि जाळ बाहेर, दोघांची भेटच होत नाही.

बाहेर २०० लिटरचं पिंप, खालच्या अंगाला हवेसाठी चांगली मोठी भोकं. आत साधारण ६० लिटरचा पत्र्याचा डबा, घट्ट झाकणाचा, त्याच्या बुडाला चार पाच भोकं, करंगळी जाईल एवढी. आतला डबा विटांवर ठेवायचा म्हणजे खाली आणि भोवती जागा राहते, त्या जागेत काटक्या, साल, वाकडीतिकडी लाकडं, कोळशाला न चालणारं सगळं सरपण घालून पेटवायचं.

पहिला तास सव्वा तास काही विशेष होत नाही, नुसती वाफ. मग आतलं लाकूड गॅस सोडायला लागतं, तो बुडाच्या भोकांतून खाली येतो आणि थेट जाळात जाऊन जळतो. हा क्षण आला की कळतोच, स्टोव्हसारखा घोंघावणारा आवाज येतो आणि सरपण घालायची गरज उरत नाही, डबा स्वतःच्याच गॅसवर तापत राहतो. जो धूर पिंपाच्या पद्धतीत आकाशात जातो आणि डोळ्यात जातो तोच इथे इंधन म्हणून जळतो. धूर अगदीच होत नाही असं नाही, सुरुवातीला होतो, पण एकदा गॅसने पेट घेतला की वर फक्त हवा थरथरताना दिसते.

झालं कधी हे ओळखायलाही सोपं. भोकांतल्या ज्वाळा बारीक होत होत बंद पडल्या म्हणजे आतून येण्यासारखं संपलं. ज्वाळा बंद पडल्यावरही मी बाहेरचा जाळ अजून वीसेक मिनिटं जोरात ठेवतो, ते राहिलेलं डांबर काढायला, ग्रिलसाठी त्याने खूप फरक पडतो. मग बुडाभोवती माती लोटायची, म्हणजे भोकं बंद, आणि गार होऊ द्यायचं.

हिशोब सांगतो. सुकं लाकूड २० किलो घेतलं तर ह्या पद्धतीने ५ किलो, चांगलं जमलं तर ६ किलोपर्यंत कोळसा मिळतो. साध्या पिंपात ३ ते ४ किलो. कमी वाटतं पण तो कोळसा वजनाला दुप्पट धगीचा असतो, सुक्या लाकडात किलोला १५ ते १६ मेगाज्यूल आणि चांगल्या कोळशात ३० च्या आसपास. आणि आच हळू चढवलीत तर कोळसा जास्त आणि घट्ट मिळतो, एकदम भडका केला तर गॅस जास्त निघतो आणि तुकडे तडकतात. म्हणून सुरुवातीला जाळ माफकच ठेवायचा.

एक गोष्ट कृपा करून विसरू नका, आतला डबा कधीही पूर्ण हवाबंद करून तापवायचा नाही. गॅसला बाहेर पडायला वाट नसेल तर तो डबा बॉम्ब आहे. आणि मध्येच "बघू किती झालं" म्हणून झाकण उघडायचं नाही, आतल्या गरम गॅसला हवा मिळाली की भपकन तोंडावर येतो.

पहिल्यांदा एवढं सगळं उभं करण्याआधी छोटं करून बघा. रंगाचा नवा कोरा रिकामा डबा, चार लिटरचा, त्यात तुकडे गच्च भरा, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा आणि साध्या शेकोटीत ठेवा. भोकातून आधी वाफ, मग धूर, मग तो धूर पेटतो आणि मेणबत्तीसारखी ज्वाळा लागते, ज्वाळा विझली की डबा चिमट्याने बाहेर काढून भोकात चिखल भरायचा. सगळी प्रक्रिया एका संध्याकाळी डोळ्यासमोर दिसते, आणि फसलं तर दीड किलो लाकूड गेलं, बाकी काही नाही.


निळसर

मी थोडं काळजीचं लिहितो, कोणाला घाबरवायचं नाहीये पण वर पिंप म्हटलंय आणि ते कुठलं हे कोणीच लिहिलं नाही, आणि माझ्या ओळखीत ह्यातूनच अपघात झालाय.

पिंपात आधी काय होतं ते माहीत नसेल तर ते घेऊ नका. पेट्रोल, थिनर, रसायन असलेलं पिंप रिकामं दिसलं तरी आत वाफा असतात, आणि ग्राइंडरने कापायला गेलात तर ठिणगीने फुटतं. माहितीतलं खाद्यतेलाचं वगैरे असेल तरी पहिली आग रिकामीच करायची, म्हणजे आतलं अस्तर आणि बाहेरचा रंग जळून जातो, तो कोळशात उतरायला नको. जस्ताचा मुलामा दिलेला चंदेरी पत्रा अजिबात नको, जस्त ४२० अंशाला वितळतं आणि अजून तापलं की त्याचा धूर होतो, तो छातीत गेला की ताप भरतो, थंडी वाजते.

लाकूडही तसंच. पानगळताई, तुम्ही फर्निचरच्या वासाचं लिहिलंत ते बरं झालं. रंगवलेलं, प्लायवूड, एमडीएफ, औषध मारलेलं हिरवट लाकूड ह्यातलं काही कोळशाला घेऊ नये. त्या हिरवट लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकतं आणि ते जाळाने नाहीसं होत नाही, राखेत राहतं. मालाचे लाकडी पॅलेट लोक फुकट मिळतात म्हणून घेतात, त्यावर शिक्का बघायचा, एचटी म्हणजे नुसतं तापवलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड ह्या विषारी कीडनाशक वायूची धुरी दिलेलं, ते नकोच. आणि झाडांत कण्हेर पूर्ण वर्ज्य, ती विषारी आहे, तिची काडीसुद्धा ढिगात जाऊ देऊ नका.

कार्बन मोनॉक्साइड. ह्याला रंग नाही वास नाही. कोळसा करताना आणि कोळसा जळताना दोन्ही वेळा भरपूर निघतो. भट्टी असो की ग्रिल, छपराखाली, गॅरेजमध्ये, खोलीत कधीच नाही, दार खिडक्या उघड्या ठेवल्या तरी नाही. थंडीत उरलेले निखारे शेगडीत घालून खोलीत ठेवतात लोक आणि सकाळी उठत नाहीत. डोकं दुखायला लागलं, मळमळलं की लगेच उघड्यावर जायचं.

अजून एक जे फार लोकांना माहीत नसतं. ताजा कोळसा आपोआप पेटू शकतो. नवा कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो आणि त्यात तापतो, ढीग मोठा असला की ती उष्णता बाहेर जात नाही, चुरी असली तर अजूनच लवकर. जहाजातून नेताना कोळशाला आपोआप पेट घेणाऱ्या मालाच्या वर्गात, ४.२ मध्ये, धरतात ते ह्याचसाठी. म्हणून उघडल्यावर तो मोकळ्या जागेत, मातीवर पातळ पसरून निदान एक दिवस एक रात्र ठेवायचा आणि मगच पत्र्याच्या डब्यात भरायचा, डबा घराबाहेर. पोत्यात भरून लगेच माळ्यावर टाकायचा नाही.

पाण्याची नळी किंवा दोन भरलेल्या बादल्या हाताशी ठेवा, वारा सुटलेला असेल तर त्या दिवशी करू नका, आणि तुमच्याकडे उघड्यावर जाळायला बंदी आहे का ते आधी विचारून घ्या.


पानगळ

इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. मी आजच ढिगातून दोन फाटी काढून वजन केलं आणि खूण करून ठेवली. साल काढायचं मला सुचलंच नव्हतं. आणि माझं ते जुनं पिंप कशाचं होतं ते खरंच माहीत नाही, ते आता काढूनच टाकते, निळसर तुम्ही लिहिलंत म्हणून लक्षात आलं.

एक शंका, शेवटी पाणी मारून विझवलं तर चालत नाही का? एक दिवस थांबायचं वाचेल आणि परत पेटायची भीतीही नाही.


रानवाटा

चालतं की. मी उघड्या खड्ड्यात करतो, निमुळत्या, वर रुंद आणि खाली अरुंद असा. काटक्या आणि बारीक फांद्या थराथराने घालत जायचं, खालच्या थरावर राखेची पांढरी साय दिसायला लागली की वरचा थर टाकायचा, वरची ज्वाळा हवा खाते म्हणून खालचा जळत नाही. शेवटी सगळं पाण्याने विझवायचं. झाकण नाही, लिंपणं नाही, दोन तासात काम होतं आणि धूरही फार नसतो.


पिंपातला_जाळ

रानवाटा, तुमची पद्धत बागेतल्या मातीत घालायच्या कोळशाला उत्तम आहे पण ताईंना ग्रिलसाठी मोठे तुकडे हवेत. बारीक फांद्यांचे तुकडेही बारीकच होतात, आणि लाल कोळशावर पाणी पडलं की तो तडतडून फुटतो. शिवाय कोळसा स्पंजसारखा पाणी पितो, वरून सुका दिसतो आणि आत ओल असते, उन्हात चांगले आठ दहा दिवस जातात सुकायला. ओलसर कोळसा ग्रिलवर पेटायला वेळ लावतो, फुटतो, ठिणग्या उडतात. आणि विझवताना गरम वाफेचा लोट येतो तो हातावर आला तर वाईट भाजतं. म्हणून ताई, पाणी फक्त आग आवरेना तरच वापरा, नाहीतर २४ तास थांबा, एवढं केलंत तर एक दिवस काय.


रानवाटा

मान्य, तुकडे बारीक होतात हे खरं. मी मुख्यतः बागेसाठीच करतो, ग्रिलला त्यातले निवडून मोठे तेवढे घेतो. पण ज्यांच्याकडे पिंप नाही आणि नुसत्या फांद्याच आहेत त्यांना सांगावंसं वाटलं. पाणी मारल्यावर काठीने उलथून परत मारायचं, तळाशी निखारा राहतो.


पानगळ

मंडळी, पाच आठवड्यांनी परत आलेय. फाटींचं वजन पहिले तीन आठवडे उतरत होतं, म्हणजे वर्ष होऊनही लाकूड ओलंच होतं! त्या फाटी मी ओंडक्यातून फोडून उन्हात ठेवल्या तेव्हा कुठे आता स्थिर झाल्यात.

आधी रंगाच्या नव्या डब्यात केलं, १ किलो ४०० ग्रॅम भरलं, ३४० ग्रॅम कोळसा मिळाला. भोकातून ज्वाळा लागली तेव्हा घरातले सगळे बघायला आले, पन्नासेक मिनिटांनी ती विझली. सकाळी उघडलं तर अख्खेच्या अख्खे तुकडे, लाकडाच्या रेषा आणि वर्षांची वलयं तशीच दिसत होती, फक्त काळी. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर काचेसारखा किणकिण आवाज आला आणि मोडला तर आत चकचकीत काळा. पहिल्या दोन वेळच्या कोळशाचा आवाज असा नव्हताच.

मग धीर करून डब्यात डबा केलं, माहितीतलं खाद्यतेलाचं पिंप मिळालं, रिकामं जाळून घेतलं. आत २२ किलो भरलं, साल काढून. काढली ती साल आणि काटक्याच बाहेर सरपणाला वापरल्या, त्यामुळे काहीच वाया गेलं नाही. घोंघावणारा आवाज खरंच येतो, मला सुरुवातीला भीती वाटली होती पण तुम्ही लिहिलेलं आठवत होतं म्हणून झाकणाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं, ५ किलो ६०० ग्रॅम निघाला. एक दिवस पसरून ठेवला, मग पत्र्याच्या डब्यात भरला.

रविवारी ग्रिल पेटवला. पिशवीतल्या कोळशापेक्षा लवकर धरतो आणि वास जवळजवळ नाहीच. राख इतकी कमी की दोनदा बघितलं. वर पांढरी राखेची साय येईपर्यंत थांबले आणि मगच जाळीवर ठेवलं. धग मात्र एका बाजूला जास्त एका बाजूला कमी येत होती, तुकडे लहान मोठे होते म्हणून असेल.

आता एकच राहिलं, डब्याच्या वरच्या थरातले सात आठ तुकडे मोडल्यावर आत तपकिरी निघाले, आणि मूठभर चुरी आहे. ह्यांचं काय करायचं?


डब्यातला_डबा

वा ताई, वाचून फार बरं वाटलं. २२ ला ५.६ म्हणजे २५ टक्के, पहिल्याच भट्टीला हे खूप चांगलं आहे.

तपकिरी तुकडे बाजूला ठेवा, ग्रिलवर घेऊ नका, धूर करतील. पुढच्या वेळी ते डब्याच्या अगदी तळाशी टाका, तिथे आच सगळ्यात जास्त असते, आणि जाडी फाटी वर टाकू नका, वर बारीक ठेवा. वरच्या थराला आच कमी पडतेय म्हणजे बाहेरच्या पिंपाला झाकण नाहीये का? एक पत्रा वर ठेवा आणि त्याला मध्ये धुराड्यासारखा पाइप लावा, ज्वाळा आतल्या डब्याच्या डोक्यापर्यंत खेचल्या जातात. माझंही वरचं कच्चं राहायचं, पाइप लावल्यापासून बंद झालं.

धगीचं म्हणाल तर पेटवण्याआधी निवडायचं. मोठे तुकडे खाली, त्यावर मध्यम, आणि सुपारीएवढे वरून पोकळ्या भरायला.


सुकं_लाकूड

चुरी फेकू नका हं, कंपोस्टमध्ये मिसळा आणि दोन तीन महिन्यांनी बागेत घाला, थेट मातीत घातली तर ती सुरुवातीला मातीतलं नत्र स्वतःच धरून बसते. आणि राहिलेली सगळी बाभूळ आत्ताच फोडून घ्या, पावसाळ्याआधी, अख्खे ओंडके ठेवलेत तर पुढच्या वर्षी परत तीन आठवडे वजन करत बसावं लागेल.


पानगळ

उद्याच फोडायला घेते. पाइप शोधते आणि पुढची भट्टी झाली की वरच्या थराचं काय झालं ते इथेच लिहीन.